दुसरीची ओळ

आतेचं स्वरयंत्र काढायचं ठरलं तेव्हा आमच्या हातात आठ दिवस उरले होते. आते म्हणजे वडिलांची थोरली बहीण. अंधेरीजवळच्या कोळीवाड्यात तिनं जन्मभर मासळी विकली, आणि लग्नसराईत ती धवलारीण. आमच्याकडे हळदीपासून नवरी घरात येईपर्यंत धवले नावाची गाणी गातात. अख्खा धवला येणारी आता ती एकटीच उरली होती, आणि तो कुठे लिहिलेला नाही. आठ दिवसांत रेकॉर्ड झाला नाही, तर तिच्या आवाजाबरोबर तोही जाणार होता.

ते काम मी अंगावर घेतलं. घरी कॉम्प्युटर होता, माईक आणला. सॉफ्टवेअरचं मात्र मला ओ का ठो कळत नव्हतं. पहिलं उतरवलं ते फुकटचं. त्यात एवढी बटणं, की आठ दिवस ती शिकण्यातच गेले असते. ट्रॅक म्हणजे एकावर एक चढवलेले आवाजाचे थर, हे कळायलाच एक संध्याकाळ गेली. मी चिडून ते बंद केलं. दुसरं खास नवशिक्यांसाठी होतं. एकच लाल बटण, आणि वर आश्वासन, की नको ते सगळं आपोआप साफ होईल. मला साफसफाईचा भारी सोस. डोळे झाकून तेच घेतलं.

भर दुपारी पंखा बंद करून आम्ही बसलो. घसा बसला होता, तरी आतेनं ओळ घातली आणि गप्प झाली. मग दुसरी ओळ, परत गप्प. धवला एकटीनं गात नाहीत. एकीनं ओळ घालायची, दुसरीनं ती उचलायची. आतेची जोडीदारीण दोन वर्षांपूर्वी वारली होती, हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या उतावळ्या स्वभावाला राहवेना.

“आते, थांबतेस कशाला गं? म्हण ना पुढे.”

“तिचा होऊ दे गो,” ती म्हणाली.

घामाच्या धारा लागल्या असताना मी पदर खांद्यावरून घेतला. मध्येच एकदा ती डावीकडे वळून काहीतरी पुटपुटली. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर माझी हिंमत झाली नाही.

ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मोठ्या कौतुकानं मी तिला धवला ऐकवला. स्वच्छ, सुरेख, ओळीला ओळ लागलेली. आतेनं वही ओढली आणि चौथीपर्यंतच्या शाळेतल्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘तिला कुठं घालवलीस?’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सॉफ्टवेअरनं सगळ्या शांत जागा कापून टाकल्या होत्या. मूळ रेकॉर्डिंगही ठेवलं नव्हतं. मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या आणि ते बटणांचं सॉफ्टवेअर परत उतरवलं.

एकेका ओळीपुढे आम्ही जागा उघडत गेलो. ओळ संपली की आते बोट खाली करी, तिचे ओठ हलत, मग बोट वर. तेवढी जागा मी सोडायची. मला वाटलं, म्हातारी अंदाजपंचे सांगतेय. म्हणून तेच कडवं तिच्याकडून न सांगता दुसऱ्यांदा मोजून घेतलं. सेकंदाचाही फरक पडला नाही. त्यानंतर मी मोजणं सोडलं.

एका ओळीवर तिनं बोट खालीच केलं नाही. वहीत लिहिलं, ‘हिते ती आडते. मी सांगतंय.’ मला ते पुटपुटणं आठवलं. सॉफ्टवेअरनं तेही कचरा म्हणून काढलं होतं. आतेनं दोन शब्द लिहिले, गळ्यावरच्या पट्टीला हात लावला आणि माईक माझ्यापुढे सरकवला.

मला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती. डावीकडे न बघता मी ते दोन शब्द हळूच म्हटले, तसं आतेनं बोट खाली केलं. खोलीत काही ऐकू आलं नाही. बोटाकडे बघायचं मी विसरून गेले आणि एका क्षणी बटण दाबून आतेची पुढची ओळ सुरू केली.

घाबरून आतेकडे पाहिलं. तिचं बोट नुकतंच वर गेलं होतं.