घरचं वायफाय वगळलं, आणि आकडा शून्य

गेल्या रविवारी तुमसरच्या घरी बसून मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला...

माझी एक छोटी वेबसाइट आहे. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतले धानशेतीचे शब्द आणि ते सांगणाऱ्या बायकांचे आवाज. सुरुवातीचे सगळे आवाज आईचे. मागच्या वर्षी ती गेली आणि माझा हुरूपही गेला. हे कोणी ऐकतं तरी का? नसेल तर बंद करून टाकू, असं ठरवलं होतं.

मोजायला फुकटची सॉफ्टवेअर मिळतात, पण ती लोकांच्या मागे मागे फिरतात. दिघोरीच्या एका काकूंनी विश्वासाने आवाज दिला, तो ऐकायला येणाऱ्यावर मी पाळत ठेवू? म्हणून आपल्याच भाड्याच्या सर्व्हरवर एक साधं सॉफ्टवेअर बसवलं. ते नाव विचारत नाही, कुकी ठेवत नाही. किती भेटी झाल्या आणि कोणतं पान उघडलं, बस्स.

बसवता बसवता जीव मेटाकुटीला आला. डेटाबेस चालू झाला की सॉफ्टवेअर बंद, दोन्ही चालू झाले की लाइन गेली! पण आठवडाभर रोज आठ-दहा भेटी दिसल्या... फक्त नाचायचं बाकी होतं.

मग रविवारी शहाणपणा सुचला. सारखं चेक करणारी मीच तर नाही ना? सेटिंगमध्ये जाऊन घरचं वायफाय मोजणीतून वगळलं.

सोमवारी शून्य. बुधवारीही शून्य. खरं सांगते, मी रडले. इतके दिवस कोणासाठी घसा फोडत होते मी?

जेवताना बाबांना म्हटलं, "साइट बंद करून राहिली मी, बाबा. कोणीच नाही आयकत."

बाबांचा घास हातातच राहिला. "काहून? मी तं रोज आयकतो."

जुने आकडे उघडले. साइट चेक करताना मी फक्त तिचं पहिलं पान उघडायचे. पण रोज सकाळी कोणीतरी 'पऱ्हे' हा शब्द पुन्हा पुन्हा उघडत होतं. पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपं. त्या रेकॉर्डिंगमध्ये आई सांगत असताना बाबा मध्येच तिला सुधारायला जातात, आणि ती खेकसते, "तुमी चूप राहा न जी! मी सांगून राहिली न?" तेवढं कापायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं.

"बंद केल्यावर मंग तिले कुठं आयकू मी?" बाबांनी विचारलं.

फाइल मोबाइलमध्ये टाकून देते, असं म्हणणार होते... त्याऐवजी त्यांच्या ताटात भात वाढला.

आकडा आजही शून्यच आहे. जगाला आमच्या शब्दांशी काही देणंघेणं नाही, आणि ते दुःख तसूभरही कमी झालेलं नाही. पण साइट चालू ठेवलीय.

घरचं वायफायही वगळलेलंच ठेवलंय. बाबा तिला किती वेळा ऐकतात, ते मला मोजायचं नाही.