मानाचा मऊ भात

कामठ्यात माणसाची किंमत तो पंगतीत किती जेवतो यावर ठरायची, आणि त्या मोजमापाने आमचे चैतरामकाका फार थोर गृहस्थ होते. पाहुण्याला त्यांची ओळख करून देताना लोक आधी त्यांचं खाणं सांगत, मग नाव.

चाळिशी उलटली आणि काका लोटा घेऊन सारखे बांधाकडे धावू लागले. पोटात मुरडा, शौचात रक्त, गुडघे सुजलेले. निदानाला आमच्या गावात डॉक्टर लागत नाही. कोणी उष्णता म्हणालं, कोणी नजर. वैद्यबुवांनी संग्रहणी ठरवून पुड्या दिल्या. शेजारच्या जमुनाबाईंनी बेंबी सरकली म्हणून पोटावर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला. सगळे उपाय एकदम चालू असल्यामुळे आपला उपाय फसला असं कोणालाच कबूल करावं लागलं नाही.

काका हाडांचा सापळा झाले तेव्हा देवकाबाई काकूंनी त्यांना गाडीत घालून गोंदियाला नेलं. तिथल्या डॉक्टरने आधी आवेची इंजेक्शनं दिली. गुण येईना. मग त्याने मळ भिंगाखाली तपासला, जंतू सापडेना. हा त्रास मधेच थांबतो का, पुन्हा येतो का, सांधे दुखतात का, असं खोदून खोदून विचारलं आणि म्हणाला, ‘‘यह आँव नहीं है. आँत में सूजन है, घाव हैं. मिटेगा नहीं, सम्हालना पड़ेगा.’’ मऊ भात, मुगाचं पाणी, तिखट-तेल बंद, त्रास उठला की आराम, रक्त वाढलं तर लगेच निघून ये.

गाव खवळलं. ‘‘मिटत नाही म्हणते? मंग तो डॉक्टर कायचा?’’

काकांनी मात्र ऐकलं. हळूहळू रक्त थांबलं, अंगावर मांस आलं, धानाच्या रोवणीच्या वेळी ते चिखलात उभे राहिले. इथेच त्यांचं चुकलं. प्रेतकळा घेऊन खाटेवर पडले असते तर गावाने माफ केलं असतं. धडधाकट माणूस पंगतीला येतो आणि पान पालथं ठेवतो, हे कोण खपवून घेणार?

‘‘नांगर धरते, गाडी हाकते, मंग आमच्या घरचं अन्न कायले टाकते?’’ श्यामलाल पंचांनी निदान केलं, ‘‘गर्व झाला त्याले.’’ हे निदान मात्र साऱ्या गावाला एकदम पटलं.

त्यातच शामकलाचं, काकांच्या एकुलत्या एक लेकीचं, लग्न ठरत आलं. मुलाचे वडील सेवकराम चिचगडचे, मोहफूल आणि लाखेचे मोठे व्यापारी. व्याह्यांनी शेजारी बसून जेवल्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही, अशी आमच्यात रीत. जेवू नये तर सोयरीक मोडणार. रोग सांगावा तर ‘बापाले आहे, मंग पोरीले नसंल कायवरून,’ म्हणून मोडणार.

काका जेवले. तेलावर तरंगणारी वांग्याची भाजी, तळलेल्या सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या, वडे, सगळं. सेवकराम आग्रह करत होते आणि काका हसत होते. ते हसणं मला अजून आठवतं, आणि अजून राग येतो.

चार दिवसांत रक्त पुन्हा सुरू झालं. काका जेवले म्हणून आजारी पडले, हे गावात कोणी मानेना. इतके दिवस जेवत नव्हते म्हणून पडले, असं ठरलं. लोकांनी प्रेमाने लाडू धाडले.

लग्न लागलं तेव्हा काका भिंतीला टेकून बसले होते. दुसऱ्या दिवशी व्याह्यांची पंगत. वाढपी वांग्याचं भगुणं घेऊन काकांपुढे आला, तेवढ्यात हळदीच्या अंगानं शामकला स्वयंपाकघरातून बाहेर आली. नवी नवरी, पंगतीत! तिने बापाच्या पानात मऊ भात वाढला, त्यावर मुगाचं पाणी ओतलं आणि सासऱ्याकडे वळून म्हणाली, ‘‘मामाजी, माह्या बापाच्या आतड्यात घाव आहेत. ते हेच खातील. यात तुमचा अपमान वाटत असंल, तर मले आत्ताच सांगा.’’

काकूंनी पदर तोंडात धरला. सेवकरामांनी काकांच्या पानाकडे पाहिलं, मग आपल्या. व्याह्याला नवरीच्या हातचं खास वाढलं जातं आणि आपल्याला नाही, हे त्यांना बरं दिसेना.

‘‘मलेबी वाढ,’’ ते म्हणाले.

सोयरीक टिकली. पण चिचगडचे सेवकराम पंगतीत मऊ भात खातात, ही बातमी रोगापेक्षा वेगाने पसरली. वर्षभरात आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात मऊ भाताचं वेगळं भगुणं चढू लागलं. ते फक्त मानाच्या पाहुण्यांसाठी. श्यामलाल पंच तर वर तूप ओतून दोनदा मागून घेत.

त्यांच्याच मुलाच्या लग्नात काका पंगतीला बसले. बरे होते, भूक लागली होती. मऊ भाताचं भगुणं मानाच्या ओळीतून फिरत काकांपर्यंत आलं तेव्हा वाढप्याने ते खरवडून दाखवलं.

‘‘संपला जी. मोठ्या लोकायलेच नाही पुरला,’’ तो म्हणाला आणि वांग्याची भाजी वाढायला वाकला.

काकांनी पानावर हात आडवा धरला. जन्मात पहिल्यांदा भर पंगतीत ते मोठ्याने बोलले.

‘‘मान तुमचा तुमालेच राहू द्या, बाप्पा. मले भात पायजे होता.’’

आणि उठून घरी गेले.