गुडघा सरळ करायचा की नाही

लहानपणी बैलगाडीतून पडले तेव्हा उजवा गुडघा फुटला होता. पस्तिशी ओलांडली तसा तो पार झिजला. विहिरीवरून घरी यायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. तासगावात इंजेक्शनं घेऊन झाली, शेवटी यजमान मला मिरजेला घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे फोटो उजेडात धरला. "हाडं एकमेकांवर घासतायत. ऑपरेशन करून ती जोडून टाकली तर दुखणं जाईल. पण पाय पुन्हा वाकणार नाही."

"कधीच?"

"कधीच. म्हणून आधी महिनाभर प्लॅस्टर घालून देतो. तसं राहून बघा, मग ठरवा."

मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घालून घरी आले आणि त्या रात्री सलग झोपले. असं झोपून किती वर्षं झाली होती, आठवेना. पण सकाळी कळलं, आमच्या घरात सगळंच जमिनीवर. चूल, पाटा, जेवणाची ताटं. यजमानांनी जुन्या खुर्चीची बैठक मधोमध कापून ती संडाससाठी परसात खड्ड्यावर ठेवली, भोवती तरट बांधलं. तिथवर जायला सासूबाईंचा खांदा लागायचा. त्या बाहेर थांबल्यात या विचारानं मला काही व्हायचंच नाही.

द्राक्षं उतरत होती. शेडमध्ये बायका पोत्यांवर बसून घडांतले खराब मणी कात्रीनं काढायच्या. एके दिवशी मीही भिंतीला टेकत टेकत त्यांच्यात खाली बसले, पाय लांब टाकून. सकाळ छान गेली. दुपारी बायका विहिरीवर जेवायला गेल्या आणि मला उठताच येईना. पालथी होऊन बघितलं, हातांवर जोर देऊन बघितलं. हाका मारल्या, पण विहिरीवर इंजिन चालू होतं. घामानं प्लॅस्टरच्या आत खाज सुटली. तिथं बोट जाईना. रागानं मी प्लॅस्टरवर कात्री मारत सुटले.

यजमानांनी येऊन काखेत हात घालून उचललं. "नगं ते आपरेशन. जल्मभर असं कोण उचलणार हाय तुला?"

"आवं, आन् दुखतं तवा कोण उचलतंय?"

त्यांनी वाकून कात्री उचलली आणि खिशात टाकली.

महिन्यानं मिरजेला प्लॅस्टर कापलं. गुडघा जेमतेम वाकला, तरी टेबलाच्या कडेला पाय सोडून बसताना रडू आलं. मग खाली उतरले. दारापर्यंत पोचायच्या आत तीच कळ आली आणि मी भिंत धरली.

डॉक्टरांनी यजमानांकडे बघितलं. ते म्हणाले, "तिलाच इचारा."

"करा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

दुखणं गेलं ते गेलंच. एसटीत माझा पाय मधल्या वाटेत आडवा यायचा, लोक वैतागून ओलांडायचे. संध्याकाळी मी एकटी बागेच्या टोकापर्यंत चालत जायचे. बांधावर बाकीच्या बायका बसून बोलायच्या. मी उभीच राहायचे, आणि अंधारायच्या आत परत फिरायचे.