शेंगांनी भरलेलं खोकं

तामलवाडीजवळच्या आमच्या गावात परदेशातल्या एका संस्थेनं घरोघरी पाण्याचे फिल्टर वाटले. आमच्याकडं कुणाचंही भांडं रिकामं परत जात नाही. म्हणून संस्थेचे गोरे पाहुणे काम बघायला आले, तेव्हा आईनं फिल्टरचं जपून ठेवलेलं खोकं भुईमुगाच्या शेंगांनी भरलं, ठेवणीतली साडी नेसली आणि खोकं पाहुण्या बाईंपुढं धरलं. बाईंनी हात पुढं केलेसुद्धा. पण त्यांच्यासोबतचा आपलाच मराठी साहेब मध्ये पडला.

"मावशी, हे चालत नाही. तुम्ही लाभार्थी. तुम्ही फक्त घ्यायचं."

"आवं, घरच्याच शेंगा हायेत. लई न्हाईत," आई म्हणाली.

त्यानं खोकं घरात नेऊन ठेवलं. वर फोटोसाठी आईला जुनी साडी नेसायला लावली. विकास म्हणतात तो हाच असेल, तर आग लागो त्याला.

पुढच्या वर्षी त्यांनी ब्लँकेटं वाटली. आईनं कुणी न सांगता विटकी साडी नेसली, मान खाली घातली आणि रिकामे हात पुढं केले. तो फोटो संस्थेला फार आवडला. त्यात माझी आई पहिल्यांदाच गरीब दिसते.