महेंद्रचा काउंटर

महेंद्र स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. आम्ही दोघं कुरकुंभच्या एकाच केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो आणि दौंडला स्टेशनमागे एका खोलीत भाड्याने राहायचो. जेवताना त्याचा पाय हलायचा, कंपनीच्या बसमध्ये बसला की बोटं पुढच्या सीटच्या दांड्यावर वाजायची. "लेका, शिलाई मशीन घे, पायाचं तरी चीज होईल," असं मी म्हणायचो. त्याला हसू यायचं नाही. कपड्यांना चिकटून घरी येणाऱ्या त्या वासाच्या नोकरीतून सुटायचं, एवढा एकच घोर त्याला लागलेला होता.

सुटकेचा रस्ता त्याला २००५ साली सापडला. आमच्या बौद्ध समाजाचा वधू-वर मेळावा दौंडला दरवर्षी भरायचा. मुलंमुली स्टेजवर येऊन माईकवर नाव, शिक्षण, नोकरी सांगायची, खाली आईबाप कान टवकारून बसायचे आणि मग सगळ्यांचे फोन-पत्ते छापलेली पुस्तिका घरोघर जायची. ज्याला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, त्याचं वर्ष वाया. महेंद्र म्हणाला, हाच मेळावा बारा महिने इंटरनेटवर भरवू. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकलेल्या विद्येवर त्याने वेबसाईट बनवली आणि पानाच्या तळाशी काउंटर बसवला. कोणी साईट उघडली की त्यातला आकडा पुढे सरकायचा.

पुण्याच्या एका जाहिरातवाल्याने त्याला शब्द दिला, की गर्दी वाढव, जाहिराती मी आणतो. झालं! शिफ्ट सुटली की हा अंघोळ न करता सायबर कॅफेत. आकडा वाढला तर मला चहा, नाही वाढला तर माझ्यावर राग. मला वैताग यायचा, पण त्याच्याइतकं झटून काम करणारं माणूसही मी दुसरं पाहिलं नव्हतं.

अडचण एकच होती. मुलींचे आईबाप फोटो द्यायला तयार होईनात. मग महेंद्र आपल्या गावी, राहूला गेला. तिथे त्याची आई मुक्ताबाई आणि धाकटी बहीण गौतमी राहायच्या. गौतमी नर्सिंगचा कोर्स करून नोकरी शोधत होती. लोकांनी भरवसा ठेवायचा तर पहिलं नाव आपल्या घरचं पाहिजे, हे त्याचं म्हणणं तिला पटलं. तिने स्टुडिओत काढलेला फोटो दिला. घरी फोन नव्हता, म्हणून पुस्तिकेत सगळे देतात तसा शेजारणीचा, सोजरबाईंचा नंबर दिला. पुस्तिका ज्या घरांत जाते ती घरं एकमेकांचे आजे-पणजे ओळखतात. इंटरनेटवर कोण कुणाचा आजा! पण हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

गौतमीचा फोटो पाहून इतरांनीही मुलींचे फोटो दिले. काउंटर जरा हलला. मग महेंद्रने सगळ्या मुली पहिल्या पानावर आणल्या, फोटोखाली ठळक अक्षरांत फोन नंबर टाकले, आणि काउंटर सुसाट सुटला. जाहिरातवाला खूश. महेंद्रने राजीनामा टाईप करून खिशात ठेवला. "पहिली जाहिरात आली की साहेबाच्या टेबलावर," तो म्हणायचा.

त्याच सुमारास गौतमीला एक चांगलं स्थळ आलं होतं. शिरूरचे पोपटराव, त्यांचा मुलगा सुमित रांजणगावच्या एका कारखान्यात फिटर. मंडळी राहूला येऊन मुलगी पाहून गेली होती. गौतमीलाही मुलगा आवडला होता. "फोनवर निरोप देतो," असं सांगून ते गेले आणि निरोपाची वाट पाहण्यात दिवस जायला लागले.

निरोपाऐवजी एका रविवारी सोजरबाईच आमच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"आरं म्हेंद्रा, माझ्या घरात फोन हाय का तमाशाची तिकिटं हायत? उठल्यापास्नं कुठली कुठली पोरं फोन करत्यात, गौतमीला बोलवा म्हंत्यात. एक तर हिंदीतच. कोन तू इचारलं तर म्हनतो, फ्रेंड!"

"मग तुम्ही काय केलं, मावशी?" महेंद्रचा आवाज बारीक झाला.

"काय करनार? गौतमीचं नाव निघालं की शिव्या हासडायच्या आन् फोन आपटायचा, असंच चाललं हुतं." एवढं बोलून त्या कॉटवर बसल्या आणि त्यांना रडूच फुटलं. "त्यात शिरूरवाल्यांचा बी फोन हुता रं. त्यांच्या मालकिनीला मी नको नको ती बोलले. काल त्यांचा सांगावा आला, आमाला न्हाई जमत म्हनून."

त्याच दुपारी महेंद्रने मला मोटारसायकलवर मागे बसवून शिरूर गाठलं. पोपटरावांनी पाणी दिलं, चहा दिला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पाव्हनं, शेजारनीचं आमी मनावर घेतलं न्हाई," ते म्हणाले. "पन सुमितच्या खात्यातली पोरं सुट्टीला सायबर कॅफेत बसून तुमची वेबसाईट बघत्यात. तुमच्या बहिनीचा फोटो बघून त्येच्यासमोर काय काय बोलत्यात, ते मला तुमच्या तोंडावर सांगवत न्हाई. पोरगं आता त्या घरात नको म्हनतंय."

 दौंडला आल्यावर महेंद्र थेट कॅफेत शिरला. इतके दिवस तो फक्त काउंटर बघायचा. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने कुठलं पान किती वेळा उघडलं गेलं ते काढून पाहिलं. मुलींच्या फोटोंवर झुंबड आणि मुलांची पानं जवळजवळ ओस.

"ज्याच्या घरी लग्नाची मुलगी हाय, तो बाप मुलांची पानं उघडंल ना रे?" तो मला म्हणाला. "म्हंजी बाप आलेच न्हाईत. आई आल्या न्हाईत. नुसतं टोळकं येत हुतं, आन् मी मोजत हुतो." भर कॅफेत तो ओंजळीत तोंड धरून रडला. 

त्याने तिथेच बसून सगळे फोटो उतरवले, सगळे नंबर पुसले. जाहिरातवाला फोनवर ओरडला, चालू दुकानाचं शटर कोण ओढतं म्हणून. महेंद्रने ऐकून घेतलं, राजीनामा फाडला आणि सकाळी पुन्हा शिफ्टला गेला. साईट कायमची बंद करायची असं ठरवूनच पुढच्या रविवारी आम्ही राहूला गेलो.

गौतमी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"बंद कर की. म्हंजी माझं नाव खराब झालं ते झालं, आन् ज्यांनी माझ्याकडं बघून पोरींचे फोटो दिले त्यांचं बी झालं," ती म्हणाली. "दादा, तुझा मोबाईल मला दे. प्लांटमध्ये न्यायला बंदी हाय, गेटवरच पडलेला असतो. साईटवर तेवढा एकच नंबर ठेव. फोटो नको. फोन मी घेते."

"तू? एवढं झाल्यावर?"

"मग कोन? तू तर काउंटर बघत बसशील."

तिची रीत एकच. फोन करणाऱ्याने आधी घरातल्या बाईमाणसाला बोलायला द्यायचं. आई नसेल तर मावशी, चुलती, थोरली बहीण, कुणीही चालेल. त्यांच्याशी बोलणं झाल्याशिवाय कुठल्याही मुलीचा पत्ता मिळणार नाही. पहिल्या पंधरवड्यात फोन आले ते ही अट ऐकताच समोरून धडाधड कापले गेले. काउंटर जागचा हलेना.  रविवार उजाडला की महेंद्र राहूला जायचा आणि अंगणात येरझाऱ्या घालत राहायचा.

अशाच एका रविवारी मी तिथे होतो. मोबाईल वाजला. गौतमीने कानाला लावला. पलीकडच्या मुलाने गौतमी नावाच्या मुलीची चौकशी केली असावी, कारण तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"मीच बोलतेय," ती म्हणाली. "आधी तुमच्या आईला फोन द्या."

महेंद्र थांबला. मुक्ताबाई चुलीपासून उठल्या. आम्ही फोन कापला जायची वाट पाहत होतो. तो कापला गेला नाही. बराच वेळ काही ऐकू आलं नाही, आणि मग एका बाईचा दमलेला, मोठा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "जय भीम, बाळा. रानात हुते, म्हनून येळ लागला. बोल."

 इतक्या पोरांना सरळ करणाऱ्या गौतमीने फोन आईच्या हातात कोंबला आणि ती लाजून घरात पळाली.