घोट्याला दुसरं

उदाच्या अत्तराचा वास आला की आखातात अल मनखूल भागातल्या आमच्या फ्लॅटमधलं संक्रांतीचं ते हळदीकुंकू आठवतं. अमेरिकेहून आलेल्या धाकट्या नणंदेच्या मनगटाला मी अत्तर लावत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरात स्टीलचं ताट दणकन पडलं. तिने हात सोडवून आधी कंबर चाचपली, मग वाकून निऱ्यांखाली घोटा. "अगं, पैंजण पडलं का?" मी विचारलं. ती ओशाळली. "नाही वहिनी, सवय. तिकडे कमरेला पिस्तूल असतं ना. ते कुणी हिसकावलं तर घोट्याला दुसरं." जास्तीची किल्ली शेजारी ठेवतो म्हणावं, इतक्या सहज तिने सांगितलं आणि तिळाची वडी तोंडात टाकली. अजूनही हळदीकुंकवाला अत्तरासाठी बायका हात पुढे करतात आणि माझी नजर त्यांच्या पायांकडे जाते.