देव्हाऱ्यातली कॉपी

सातिवलीच्या गाळ्यात मला ठेवून घेतलं ते शेठच्या चांगुलपणामुळे. सातवीत शाळा सोडून परभणीकडून आलेल्या माणसाकडे बघण्यासारखं काय होतं? लग्नपत्रिका छापायचो आम्ही. संध्याकाळी दोन्ही कॉम्प्युटरवरच्या पत्रिका सीडीवर उतरवायच्या, हे माझं काम. झोपायला वरचा माळा. एवढं राहू दे, असं देवाला रोज सांगायचो.

मग शेठच्या भाच्याने एक सॉफ्टवेअर आणलं. दोन कॉम्प्युटरांची सिस्टीम वेगवेगळी, पण हे दोन्हींवर सारखंच चालायचं.

"मामा, ठरल्या वेळी आपोआप कॉपी होणार, ह्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर. माणूस लागतच नाही."

शेठने माझ्याकडे पाहिलं. मी उगाच टेबल पुसायला लागलो.

"दोन्हीकडे चालतं म्हणतोस?" शेठ म्हणाले. "दोन्हीकडे चालणाऱ्या माणसांना मी दारात उभं करत नाही."

ठेवलं मात्र, आणि माझ्या सीडी बंद झाल्या. लग्नसराईपर्यंत बघू, मग ह्याचं काय करायचं ते ठरवू, असं मामा-भाचे माझ्यादेखत बोलले. ह्याचं म्हणजे माझं.

दसऱ्याला कटिंग मशीन, कात्र्या, पट्ट्या, सगळ्यांना झेंडू वाहिला. सगळा धंदा आता ह्या डबीत आहे, असं भाच्याने ऐटीत सांगितलं होतं. तेव्हा शेठने हार्ड डिस्कची वायर काढली, तिला चौरंगावर मधोमध बसवलं आणि हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी कात्र्या कामाला लागल्या, डबी भिंतीवरच्या उंच देव्हाऱ्यात गेली.

"पूजलेली लक्ष्मी काय चहाच्या कपाशेजारी ठेवू?"

संध्याकाळी सॉफ्टवेअर वेळेवर उठलं आणि लाल अक्षरांत काहीतरी इंग्रजी बोललं. मी भाच्याला फोन लावला. कॉपी ठेवायची जागा सापडत नाही म्हणतंय, असं त्याने सांगितलं. शेठना हे सांगताना माझी जीभ अडखळली. स्वतःची जागा राखायला मी मशीनची चुगली करतोय, असं वाटायला नको.

"देवाजवळ आहे रे डबी! त्याहून सुरक्षित जागा त्या सॉफ्टवेअरला ठाऊक आहे का?"

मग रोज लाल अक्षरं यायची, आणि शेठ स्वतः ओके दाबून देव्हाऱ्याला हात जोडायचे.

तुळशीच्या लग्नानंतर, ऐन घाईत, मोठा कॉम्प्युटर बसला. डबीत दसऱ्यापर्यंतची लग्नं निघाली. पुढची गेली. चांदीप गावाहून नवऱ्यामुलाचे काका आले, गाळ्याच्या दारातूनच ओरडले, "आमचा लगीन तुमचे मशीनमधी अडाकला का काय?" त्यांना चहा पाजून आम्ही पत्रिका पहिल्यापासून टाइप करायला घेतल्या. मी मनात माळ्यावरची वळकटी बांधत होतो.

"मामा, डबी खाली घ्या," भाचा म्हणाला.

"देवाला उठ म्हणू?"

"मग लांब वायर आणतो. पण रोज कुणीतरी वर चढून ती लावायची, काढायची."

"माझे गुडघे बघतोयस ना? तू चढ."

"मी? माझ्या आंघोळीचा काही भरवसा नाही."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. ह्या वेळी मी टेबल पुसलं नाही, हात धुवायला गेलो.

त्यानंतर कित्येक वर्षं मी संध्याकाळी चपला काढून स्टुलावर चढत आलो. खाली भाचा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा, "आमच्याकडे सगळं आपोआप होतं." मी वरून मान डोलवायचो.